उन्हाला विचारून बांधलेला ओटा

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या शाळेच्या शिपायापासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावरून मी सासूशी तीन दिवस बोलले नाही, याचं घरात कोणाला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं, की आठवडा संपायच्या आत मीच त्यांच्या बाजूने कंबर कसून गवंड्याशी भांडत होते. ही गोष्ट त्या आठवड्याची आणि माझ्या सासूची, म्हणजे जनकाबाईंची. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते.

आत्यांनी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, तीस-बत्तीस वर्षं हळद निवडली. हळकुंडं एका बाजूला, गट्टू म्हणजे गोल गड्डे दुसऱ्या बाजूला, माती-काडी तिसऱ्या बाजूला, असं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. चार वर्षांपूर्वी सासरे गेले आणि बुद्धभूषणने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना घरी बसवलं. पण हळद काही त्यांना सोडून गेली नाही. अजूनही त्यांच्या तळहाताच्या रेषा पिवळ्या आहेत. भूषण लहान असताना त्याला वाटायचं की भाकरी पिवळीच असते, आणि शेजारच्या घरची पांढरी भाकरी बघून तो म्हणे रडला होता, की यांच्या भाकरीला काय झालं.

भाड्याच्या दोन खोल्यांत बारा वर्षं काढल्यावर आम्ही वसमतलाच घर बांधायला काढलं. बुद्धपौर्णिमेला राहायला जायचं ठरलं होतं. फरशी, रंग, दारं, नळ, सगळं मी निवडलं. दर वेळी आत्यांना विचारलं की त्या म्हणायच्या, "तुमच्या मनानं करा, मला काय कळतंय." मी मनातल्या मनात खूश होते, अशी सासू नशिबाने मिळते. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओट्याच्या ग्रॅनाइटचा विषय निघाला आणि त्या ताटावरून हात न उचलता म्हणाल्या, "वट्टा पांढऱ्या दगडाचा पायजे."

मला आधी वाटलं, चेष्टा करतात.

"आत्या, पांढरा? आपल्या घरात? हळद सांडायला आपल्याकडे कारण लागतं का?"

"पांढराच पायजे."

"पण काहून?" मी चिडले की माझी शाळेतली भाषा पळून जाते आणि माहेरची बाहेर येते. "सगळं गाव काळा लावून राहिलं. काळ्यावर डाग दिसत न्हाई. पांढरा लावला तर दिवसभर घासत कोण बसणार? मीच ना?"

"मी घाशीन."

एवढंच बोलून त्या हात धुवायला उठल्या. भूषण महावितरणमध्ये वायरमन आहे. त्याने आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि त्याला अचानक कुठल्याशा लाइनचं काम आठवलं. घरात भांडण लागलं की हा माणूस खांबावर जाऊन बसतो. तिथून पुढे तीन दिवस माझा अबोला. आत्यांना त्याची काही तकलीफ झालेली दिसली नाही, त्याचा मला जास्त राग आला.

वसमतच्या दुकानांत काळा आणि तांबडा दगड होता, पांढरा नव्हता. आत्यांना वाटलं मी आता सुटले म्हणेन. खरंच मी तसं म्हणणार होते, पण त्या रविवारी सकाळी बघते तर आत्या चांगलं लुगडं नेसून, कापडी पिशवी काखेत घेऊन दारात उभ्या. "हिंगोलीला जाऊन येतो आपण. तिथं मिळंल." मी मनात म्हटलं, चला, तिथल्या दुकानदाराच्या तोंडून ऐकू द्या यांना, म्हणजे विषय मिटेल. औंढ्यावरून एसटी गेली तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर अशी धरली होती, की मला वाटलं आत पोथी-बिथी आहे की काय. मी विचारलं नाही. अबोला होता ना.

दुकान गावाच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून होतं. मालक हिरासिंग, पांढऱ्या मिशांचे, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारे. आणि खरं सांगते, आत पाऊल टाकलं तसा माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. पुरुषभर उंचीच्या लाद्या लोखंडी घोड्यांना टेकून ओळीने उभ्या होत्या. काळा, कोळशासारखा काळा, चांदीचे ठिपके असलेला काळा, हिरवट, चॉकलेटी. हिरासिंगांनी पाण्याचा मग घेतला आणि एकेका लादीवर फेकत गेले. पाणी पडलं की दगड जागा व्हायचा, आतले रंग वर यायचे. मी प्रत्येक लादीपुढे "हा!" म्हणत होते आणि पुढची ओली झाली की "नाही, हा!" म्हणत होते. घर बांधताना सिमेंट, सळई, वाळू असल्या नीरस गोष्टीच जास्त असतात. आज पहिल्यांदा मला वाटलं की आपलं घर होतंय.

आत्या मात्र सरळ मागच्या कोपऱ्यात गेल्या होत्या. तिथे दोन पांढऱ्या लाद्या होत्या. एक संगमरवर, दुधासारखा. दुसरा पांढरा ग्रॅनाइट, त्यात राखाडी बारीक दाणे, ज्वारीच्या पिठात कोंडा राहावा तसे.

"अम्मा, ये मत लो," हिरासिंग माझ्याच मनातलं बोलले. "किचनला काला घ्या. पांढरा देवघराला."

"याचा एकेक तुकडा हाय का? छोटा?"

त्यांनी कापलेल्या कडांचे दोन तुकडे आणून दिले. आत्या खाली बसल्या आणि त्यांनी पिशवी उघडली. आतून निघालं काय? हळदीची पुडी, तेलाची बाटली, एक लिंबू आणि जुनं फडकं. मी बघतच राहिले. त्यांनी दोन्ही तुकड्यांवर लिंबू पिळलं, शेजारी हळद तेलात कालवून बोटाने थापली आणि शांतपणे बसून राहिल्या. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं दगड सोडून आत्यांना बघायला लागली.

पाव तासाने लिंबू पुसलं. संगमरवराची चकाकी तेवढ्या जागेपुरती मेली होती, हाताला खरखरीत लागत होतं. "हा न्हाई," आत्या म्हणाल्या आणि तो तुकडा बाजूला सारला. ग्रॅनाइटला लिंबाचं काही झालं नव्हतं. पण हळद पुसली, तर तिथे पिवळा डाग तसाच.

"बघा," मी म्हटलं. तीन दिवसांनंतरचा माझा पहिला शब्द तोच होता.

हिरासिंगांना वाटलं, आता आपल्या दगडाची अब्रू गेली. ते धावत जाऊन कपड्याच्या साबणाची वडी घेऊन आले आणि डाग घासायला लागले. आत्या "अहो, साबण नका..." म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पिवळा डाग लालभडक झाला. कोणाचं तरी रक्त सांडावं तसा.

"अरे! ये क्या हो गया!" हिरासिंग ओरडले. एक गिऱ्हाईक चक्क दोन पावलं मागे सरकलं. मी हसायला लागले, मला आवरेना. आत्या हसल्या नाहीत. त्या लाल डागाकडे त्या बघत होत्या आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की माझं हसू आपोआप थांबलं.

"साबण लागला की हळद लालच होती," त्या हळू म्हणाल्या. मग उठल्या, तुकडा पाण्याने धुतला आणि बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात ठेवला. "तीन वाजेस्तोवर हितंच राहू द्या. मी बसते."

"अम्मा, धूप से पत्थर का दाग जाता है क्या?"

"दगडाचं मला न्हाई माहीत. हळदीचं माहीत हाय."

तेव्हा अकरा वाजले होते. रस्त्यापलीकडे कडुलिंबाच्या झाडाखाली उसाच्या रसाची गाडी होती, तिच्या बाकावर आम्ही बसलो. समोर पायरीवर तो वीतभर तुकडा. दोन रस झाले. मी म्हटलं, आता अबोला ठेवण्यात अर्थ नाही.

"आत्या, खरं सांगा. पांढराच काहून?"

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

"तू लग्न होऊन यायच्या लई आधीची गोष्ट हाय. भूषण पोटात होता. मोंढ्यातल्या एका अडत्याच्या घरी मी वर्षाची हळद पोचवायला गेले. नेहमी ओसरीवर द्यायची, त्या दिवशी घरातलं कोणी बाहेर आलं न्हाई म्हणून आत गेले. त्यांच्या सैपाकघरात पांढऱ्या दगडाचा वट्टा होता. तसा वट्टा मी कधी बघितला नव्हता. डोक्यावर टोपलं, पोटात लेकरू, मला भोवळ आल्यासारखी झाली, म्हणून मी हात टेकला. हा असा." त्यांनी उजवा पंजा बाकावर टेकवला. "पाची बोटं उठली."

मी त्या पंजाकडे बघत राहिले.

"त्या बाई आल्या आन्‌ वरडल्या, 'घाण केलीस सगळी!' साबण आणला, घासलं, तर लाल झालं. मग त्या आणखीनच वरडल्या. शेजारच्या बाया गोळा झाल्या. उद्यापासून उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई म्हणाल्या. घाण हळदीनं झाली म्हणाल्या का माझ्या हातानं, ते मला आजपर्यंत समजलं न्हाई."

मला समजलं होतं. त्यांनाही समजलं होतं, हे मला दिसत होतं. मला वाटलं, आत्ता वसमतला जावं, ते घर शोधावं आणि त्या दारात उभं राहून तोंड सोडावं. पण ती बाई आता जिवंत तरी असेल का, कोण जाणे.

"मला एवढंच वाटलं," आत्या म्हणाल्या, "त्या वट्ट्याच्या वर खिडकी होती, बंद. ती उघडली असती तर चार दिवसांत उन्हानं सगळं गेलं असतं. आमी बघतो ना, पौर्णिमेला विहारात नेसायची पांढरी साडी हळदीची झाली की धुवून उन्हात टाकतो, संध्याकाळपर्यंत पांढरीफेक. मी सांगणार होते. पण कोणी विचारलंच न्हाई."

त्यानंतर मी घड्याळ बघायला लागले. बारा. साडेबारा. आता तो तुकडा माझा झाला होता. एक म्हैस पायरीकडे वळली, तर मी रस्ता ओलांडून तिला हाकलून आले. पावणेदोनला मला वाटलं फिकट झालाय, आत्या म्हणाल्या दम धर. अडीचला हिरासिंग स्वतः दाराशी येऊन उभे राहिले. तीनला आत्यांनी तुकडा उचलला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला.

काही नव्हतं. मी तिरपा करून बघितला, सावलीत नेऊन बघितला, बोट फिरवलं. पांढरा, त्यात राखाडी दाणे, बस. मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. जिल्हा परिषदेची मास्तरीण भर बाजारात टाळ्या वाजवते आहे, हे कोणी बघितलं असेल तर बघो.

"कमाल है," हिरासिंग म्हणाले. "पण अम्मा, तुमच्या किचनमध्ये धूप येते ना? नाही तर ओटा उचलून रोज बाहेर आणणार का?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हा विचार आम्ही केलाच नव्हता. पांढऱ्या ग्रॅनाइटची ती एकच आठ फुटी लादी शिल्लक होती. ती शुक्रवारपर्यंत ठेवतो, असं त्यांनी कबूल केलं आणि आम्ही मिळेल ती एसटी धरली.

बसथांब्यावरून आम्ही सरळ बांधकामावर गेलो. आमचे गवंडी देवला मिस्त्री, तीस वर्षं या धंद्यात. त्यांनी दक्षिणेच्या भिंतीला कडाप्पाच्या उभ्या फरश्या लावून ओट्याची तयारी करून ठेवली होती. तिथे ऊन? त्या भिंतीला खिडकीच नव्हती. पूर्वेला एक होती, पण डोक्याच्या उंचीवर, कबुतर बसण्यापुरती.

"मिस्त्री, वट्टा पूर्वेच्या भिंतीला घ्या," आत्या म्हणाल्या. "आन्‌ खिडकी खाली वट्ट्यापर्यंत आणा."

देवला मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "काहून? पूर्वेकडं तोंड करून सैपाक करायचा म्हणता? वास्तूत बराबर बसतंय, पण हे आधी सांगायचं ना."

"वास्तू न्हाई. ऊन पायजे."

"आता सगळं झालंय बाई. ते काढायचं, भिंत फोडायची. पौर्णिमेला घर पायजे का न्हाई तुमाला?"

मग मी तोंड उघडलं. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते, की शेवटी देवला मिस्त्री म्हणाले, "सकाळी या. ऊन कुठं पडतंय ते दावा. पडलं तर फोडतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या कोळशाचा तुकडा घेऊन तिथे हजर. पूर्वेच्या त्या छोट्या खिडकीतून उन्हाचा एक तुकडा आत आला आणि आत्यांनी समोरच्या भिंतीवर त्याच्या कडेने रेघ मारली. अर्ध्या तासाने पुन्हा. साडेनऊपर्यंत भिंतीवर आणि जमिनीवर मिळून सात चौकोन झाले, खिडकीच्या दिशेने सरकत गेलेले. खिडकी खाली आणली तर ओट्यावर दोन-अडीच तास ऊन राहणार, हे कोणालाही दिसत होतं. पण मला भूगोल शिकवायची सवय. मी म्हटलं, "थांबा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा तिरपं ऊन येईल आणि ओट्याचं उजवं टोक सावलीत जाईल. खिडकी दक्षिणेकडे दीड फूट वाढवा." आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की सातवीच्या वर्गाने माझ्याकडे कधी तसं बघितलेलं नाही. आम्ही दोघी कोळसा घेऊन भिंतीला भिडलो. मी रेघा ओढत होते, त्या "आणखी, आणखी" म्हणत होत्या. भूषण कामावर जाताना डोकावला. दोघींची तोंडं काळी, भिंत काळी, आणि आम्ही हसतोय. तो काही न विचारता निघून गेला, पण दुपारी त्याने फोन करून सांगितलं, की लादी आणायला टेम्पो ठरवलाय.

देवला मिस्त्रींनी डोक्याचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "तीस वर्षं वट्टे बांधून राहिलो. मालकाला विचारून बांधले, मालकिणीला विचारून बांधले. उन्हाला विचारून पयलाच." आणि त्यांनी पहिला घाव घातला.

शुक्रवारी लादी आली. आत्या हट्टाने टेम्पोच्या मागे बसून आल्या, लादीला हात लावून. औंढ्याच्या अलीकडच्या प्रत्येक गतिरोधकाला त्या ड्रायव्हरला हाक मारत होत्या, असं भूषण सांगत होता. सहा माणसांनी लादी उचलली. दारातून वळवताना एक कोपरा चौकटीला घासला. काही झालं नाही. "हळू... हळू... सोडा!" म्हणत ती नव्या खिडकीखाली बसली, इकडे एक बोट जागा नाही, तिकडे एक बोट नाही. सांधा न घेता अखंड. मी भूषणच्या पाठीत गुद्दा मारला, इतका आनंद झाला मला.

माणसं गेली. दुपारचे चार वाजले होते. मी फडकं घेऊन ओटा पुसून घेतला आणि मागे सरून बघत होते. आत्या आत आल्या. त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीत कालवलेली हळद. मी काही म्हणायच्या आत त्यांनी उजवा पंजा त्यात बुडवला आणि ओट्याच्या बरोबर मध्यावर टेकवला. घाई न करता, सगळं वजन टाकून. मग उचलला.

पाच बोटं. पिवळी, ठसठशीत.

माझा फडक्याचा हात सवयीने पुढे गेला.

"पुसू नको," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "सकाळी ऊन येतंय."

मी फडकं टाकलं आणि त्यांच्या गळ्यात पडले. माझ्या पाठीवर पण एक पंजा उठला, ते मला घरी गेल्यावर कळलं.

शनिवारी सकाळी ऊन आलं, सात वाजता, खिडकीतून सरळ ओट्यावर. आम्ही दोघी चहाचा थर्मास घेऊन तिथे जाऊन बसलो. रविवारी ठसा फिकट झाला. सोमवारी शाळेत जायच्या आधी मी एकटीच गेले. तळव्याची नुसती धुगधुगी राहिली होती, करंगळी तर गेलीच होती. आणि मला कसंतरीच वाटलं. इतक्या वर्षांनी टेकलेला हात, असा तीन दिवसांत जावा? मी खिडकीचं दार ओढून घेतलं. म्हटलं, आजचा दिवस तरी राहू दे.

"काहून लावली?" मागून आवाज आला. आत्या दारात उभ्या होत्या.

"राहू द्या ना आत्या. उद्या जाईलच."

त्या जवळ आल्या, त्या फिकट बोटांवर आपली बोटं ठेवून बघितली आणि हात काढून घेतला.

"उघड," त्या म्हणाल्या. "जाऊ दे आता."

मी खिडकी उघडली.